हेडलाईट चकचकीत झाला, पण रस्ता दिसेना



नववीला प्रकाशाचं परावर्तन शिकवताना आपण सगळेच एक वाक्य फळ्यावर लिहितो : अंतर्गोल आरशाच्या नाभीपाशी दिवा ठेवला की परावर्तित किरण समांतर जातात, म्हणून वाहनांच्या हेडलाईटमध्ये असा आरसा वापरतात. मुलं ते पाठ करतात, पेपरात लिहितात, गुण मिळवतात आणि विषय संपतो. माझाही अनेक वर्षं असाच संपायचा. गेल्या हिवाळ्यात मात्र मागच्या बाकावरच्या एका मुलानं हात वर केला आणि विचारलं, "बाई, नाभीवर दिवा असतो म्हणता, मग आमच्या गाडीचा उजेड झाडावर का जातो?"

वर्ग हसला. मीही थोडी हसले, खरं सांगते. मग कळलं की 'आमची गाडी' म्हणजे त्याच्या आजोबांची १९२९ सालची फोर्ड मॉडेल ए. आणि त्या झाडावर जाणाऱ्या उजेडामुळे आदल्या आठवड्यात एक अपघात थोडक्यात टळला होता.

आधी गाडीविषयी. फोर्डची भारतातली कंपनी १९२६ साली स्थापन झाली. मुंबई, मद्रास, कलकत्ता इथं सुटे भाग जोडून गाड्या तयार होत आणि ते भाग येत कॅनडातून, कारण उजव्या हाताला स्टिअरिंग असलेल्या गाड्या तिथं बनत. त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत, साखर कारखान्यांच्या परिसरात, संस्थानिकांच्या पागेत अशी एखादी फोर्ड अजून सापडते. या मुलाच्या पणजोबांनी ती जुनीच विकत घेतली होती. चाळीस-पंचेचाळीस वर्षं गोठ्याशेजारी पडून होती. आबांनी, म्हणजे मुलाच्या आजोबांनी, निवृत्तीनंतर ती पुन्हा उभी करायला घेतली. इंजिन झालं, ब्रेक झाले, लाकूडकाम झालं. राहिले दिवे.

जुन्या दिव्यांची अवस्था वाईट होती. एका दिव्याची काच फुटलेली, आतले रिफ्लेक्टर काळेठिक्कर, एकाला मोठा पोचा आणि तडा. मुलाच्या वडिलांनी एका विक्रेत्याकडून तयार संच मागवला : बाहेरचे डबे, रिफ्लेक्टर, काचा, होल्डर, बल्ब, सगळं नवं, जुन्याची हुबेहूब नक्कल. एका रविवारी बसवूनही टाकलं. दिवसा गाडी अशी झळकायला लागली की लोक थांबून फोटो काढायचे.

मग एका संध्याकाळी आबा गाडी घेऊन मळ्याकडून परत येत होते. ऊसतोडीचे दिवस. आपल्या भागातल्या लोकांना सांगायला नको की त्या दिवसांत अंधारात रस्त्यावर काय काय असतं. उसानं भरलेली बैलगाडी, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टरची पट्टी. आबांना ती दिसली तेव्हा मध्ये पंधरा-वीस पावलांचं अंतर होतं. गाडीचा वेग कमी होता म्हणून निभावलं. मॉडेल एचे ब्रेक हे नुसत्या दांड्या ओढून लागणारे यांत्रिक ब्रेक. त्यांच्यावर किती भरवसा ठेवायचा हे चालवणाऱ्यालाच ठाऊक.

घरात त्यावरून भांडण झालं. आबा म्हणाले, डुप्लिकेट माल आणलास. मुलाचे वडील म्हणाले, शंभर वर्षांपूर्वीच्या दिव्यांचा उजेड एवढाच असणार, गाडी रात्री बाहेर काढूच नका. आणि मुलगा माझ्याकडे आला.

इथं मला माझं मत सांगायचं आहे. आबा चुकले आणि मुलाचे वडीलही चुकले. नव्यानं बनवलेला भाग बसवणं हा गुन्हा नाही. आणि जुने दिवे मुळातच निकामी होते असंही नाही. चूक झाली ती भाग दिसायला कसा आहे एवढंच पाहून तो बसवण्यात. हेडलाईट हा दागिना नाही, ते मोजमापाचं उपकरण आहे. त्याची परीक्षा भिंतीवर घ्यायची असते.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी त्यांच्याकडे गेले. दिवे उघडायला लावले. हातात पाना घ्यायची मला सवय नाही, तो मुलानं घेतला. पहिलीच गोष्ट पाहून मी चमकले : आतले रिफ्लेक्टर क्रोमचे होते. आरशासारखे लखलखीत. "आधीचे तर काळे होते," मुलाचे वडील अभिमानानं म्हणाले.

आधीचे काळे होते कारण ते चांदीचे होते. फोर्डनं या गाड्यांच्या रिफ्लेक्टरला चांदीचा मुलामा दिलेला असे, आणि चांदी हवेतल्या गंधकानं काळी पडते हे आपल्या प्रत्येक घरातल्या निरांजनाला माहीत आहे. पण स्वच्छ चांदी तिच्यावर पडलेल्या दृश्य प्रकाशापैकी सुमारे ९५ टक्के परत पाठवते. ॲल्युमिनिअमचा थर ९० टक्क्यांच्या आसपास. आणि क्रोम? साठ-पासष्ट टक्के. म्हणजे एकतृतीयांशाहून जास्त उजेड दिव्यातच जिरतो. डोळ्यांना क्रोम जास्त चकचकीत वाटतं, कारण ते काळं पडत नाही, त्यावर ओरखडे दिसत नाहीत. नळाला, हँडलला ते उत्तम. आरसा म्हणून कमजोर. हा फरक मी इतकी वर्षं विज्ञान शिकवून एकदाही वर्गात सांगितलेला नव्हता.

गंमत म्हणजे डब्यांच्या बाहेरचं क्रोमसुद्धा चूकच होतं. १९२८ आणि १९२९ च्या मॉडेल एचे दिवे निकेलचे असत, थोडी पिवळसर, उबदार झाक असलेले. १९३० पासून स्टेनलेस स्टील आलं. नक्कल बनवणाऱ्यानं निळसर क्रोम चढवून दिलं होतं. पण बाहेरच्या रंगावरून मी कुणाशी वाद घालणार नाही. त्यानं बैलगाडी दिसायची थांबत नाही.

मग झाडावर जाणारा उजेड. बल्बमध्ये दोन फिलॅमेंट असतात, एक अप्परचं, एक डिपरचं. एक नाभीपाशी असलं तर दुसरं तिच्या किंचित वर. फिलॅमेंट नाभीच्या वर गेलं की उजेड खाली झुकतो आणि नाभीच्या खाली आलं की उजेड वर जातो. हे उलटं वाटतं, पण फळ्यावर आकृती काढा : वरच्या बिंदूतून निघालेला किरण आरशाच्या मध्याशी आपटला की परावर्तित होऊन खालीच जातो. या अमेरिकी पद्धतीच्या बल्बच्या दोन्ही पिना एकाच उंचीवर असतात, त्यामुळे तो होल्डरमध्ये उलटाही बसतो. डाव्या दिव्यात तो उलटा बसला होता. डिपर लावला की उजवा दिवा रस्त्याकडे बघायचा आणि डावा चिंचेच्या शेंड्याकडे. बल्ब काढून अर्धा वळसा फिरवला, बस्स. एक पैशाचा खर्च नाही.

किती लहान चुकीनं किती मोठा फरक पडतो, याचं गणित मात्र मुलांकडून जरूर करून घ्या. समजा नाभीय अंतर ३० मिमी आहे आणि फिलॅमेंट नाभीपासून २ मिमी सरकलं आहे. म्हणजे पंधराला एक हे गुणोत्तर. २५ फुटांवर, म्हणजे साधारण ७.६ मीटरवर, उजेडाचा मध्य अर्धा मीटर सरकतो. ६० मीटरवर चार मीटर! चार मीटर वर म्हणजे रस्ता सोडून झाड. दहावीच्या भूमितीतले समरूप त्रिकोण, दुसरं काही नाही. आणि हे २ मिमी कुठून येतात? नक्कल होल्डरची नळी किंचित आखूड असते, पत्र्याच्या ठशात बारीक फरक असतो, बल्बमध्ये फिलॅमेंटची उंची प्रत्येक कारखान्याची वेगळी. फोर्डच्या अभियंत्यांना हे ठाऊक होतं. म्हणून त्यांनी दिव्याच्या पाठीमागे एक स्क्रू दिला होता, तो फिरवला की बल्ब पुढेमागे सरकतो. नवा संच बसवताना त्या स्क्रूला कुणी हातच लावला नव्हता. नवं आहे म्हणजे बरोबरच असणार, ही आपली समजूत.

काचेबद्दलही सांगते, कारण ती मला फार आवडली. त्या काचेवर 'फोर्ड टूलाईट' अशी अक्षरं असतात आणि उभ्या पन्हाळीसारख्या रेघा असतात. प्रत्येक उभी रेघ म्हणजे एक लांबट भिंग. ते उजेड डावी-उजवीकडे पसरवतं, वर-खाली नाही. काच गोल असल्यामुळे कडं आवळताना ती थोडी फिरू शकते. फिरली की पसरण्याची दिशाही तिरकी होते आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाते. अक्षरं सरळ वाचता आली पाहिजेत, एवढीच खूण लक्षात ठेवायची. जुन्या शाबूत काचेशेजारी नवी काच धरली तेव्हा नवीच्या रेघा जरा बोथट वाटल्या. म्हणून मी आग्रह धरला की जी जुनी काच फुटलेली नाही ती परत बसवा. धुऊन, कडेला नवं बुचाचं वायसर लावून. बूच हवं, कारण आत दमट हवा शिरली की चांदीची पुन्हा वाट लागते.

जाता जाता, तुमच्याकडे जुनी फिॲट किंवा ॲम्बेसिडर असेल तर तिथली अडचण वेगळी. नंतरच्या काळातल्या काचांचा डिपर मुद्दाम एका बाजूला जास्त लांब जाणारा असतो. आपण डावीकडून चालतो, म्हणून आपल्याला तो डावीकडे लांब हवा. उजवीकडून चालणाऱ्या देशासाठी बनलेली काच इथं बसवली की तो थेट समोरच्याच्या तोंडावर. वस्तू नवी, चांगल्या कंपनीची, महागडी, आणि तरीही चुकीची.

शेवटचा दोष सापडायला सगळ्यात जास्त वेळ लागला. सगळं जुळवूनही उजेड तांबूसच. ही गाडी सहा व्होल्टची. दिव्याला परतीची वेगळी वायर नसते, परतीचा प्रवास दिव्याचा डबा, दोन मडगार्डच्या मधली आडवी दांडी आणि चॅसी यांतून होतो. ती दांडी नवी होती आणि तिच्यावर सुंदर काळं पावडर कोटिंग होतं. पावडर कोटिंग म्हणजे प्लॅस्टिकच. वीज जाणार कुठून? मुलानं मीटर लावला, दांडीवरच अर्धा व्होल्ट खर्च होत होता. बारा व्होल्टच्या गाडीत अर्धा व्होल्ट गेला तर चालून जातं. सहातला अर्धा म्हणजे आठ टक्के, आणि तापदीप्त दिव्याचा उजेड व्होल्टेजबरोबर सरळ प्रमाणात नाही, त्याहून फार जलद घटतो. आठ टक्के व्होल्टेज गेलं की जवळजवळ पाव उजेड जातो. मुलानं कानशीनं दांडीच्या खालच्या बाजूचं, दिसणार नाही अशा ठिकाणचं कोटिंग खरवडलं, शिवाय एक वेगळी अर्थची वायर ओढली. दिवा पांढरा झाला. त्या क्षणी त्या पोराचा चेहरा मी पाहिला आहे. चाचणीत त्याला वीसपैकी सात मिळालेले होते.

(कुणी विचारेल, एलईडी का नाही लावत? या गाडीत बॅटरीचं धन टोक चॅसीला जोडलेलं असतं, आताच्या गाड्यांच्या उलट. बाजारातले बरेच एलईडी बल्ब तिथं पेटतच नाहीत. आणि पेटले तरी त्यांचा उजेड फिलॅमेंटच्या जागेवरून निघत नाही, म्हणजे पुन्हा नाभीचा प्रश्न.)

आता रिफ्लेक्टरचं काय करायचं? आबांचं म्हणणं, सगळं नक्कल सामान परत करा, मूळ तेवढंच ठेवा. मला ही कर्मठ भूमिका पटत नाही. ज्याला तडा गेला आहे आणि पोच्यामुळे ज्याचा आकारच बदलला आहे तो रिफ्लेक्टर 'ओरिजिनल' आहे म्हणून बसवणं म्हणजे मोडकी काठी वडिलांची आहे म्हणून तिच्या आधारानं विहिरीत उतरणं. पोचा ठोकून काढता येतो, पण हेडलाईटचा आरसा अन्वस्ताच्या, म्हणजे पॅराबोलाच्या आकाराचा असतो. हातोडीनं तो आकार परत येईल याची खात्री कोण देणार?

उलट टोकाची माणसंही असतात. जुनं काढा, नवं लावा, पूर्ण संच बदला, एकसारखं दिसेल. गावोगावच्या मंदिरांचा जीर्णोद्धार आपण असाच केला की! काळ्या पाषाणाच्या कोरीव खांबांवर ऑइलपेंट आणि गाभाऱ्यात बाथरूमच्या टाइल्स. त्या कोरीव कामाचं पुढे काय झालं, ते विचारायचं नाही.

मधला मार्ग आम्ही काढला तो असा. दोनपैकी एक मूळ रिफ्लेक्टर आकारानं शाबूत होता. तो हुपरीला एका कारागिराकडे नेऊन त्याच्यावर पुन्हा चांदी चढवली. कोल्हापूर जिल्ह्यातलं हे गाव चांदीच्या कामासाठी प्रसिद्ध. तिथल्या कारागिराला पैंजणांऐवजी मोटारीचा आरसा पाहून मजाच वाटली. दुसऱ्या बाजूला नक्कल रिफ्लेक्टर बसवला, पण क्रोमचा नाही, चांदीचा मुलामा असलेला, थोडा थांबून, जास्त पैसे देऊन. आणि त्याच्या पाठीवर, जिथं उजेडाचा संबंध नाही, तिथं मुलानं बारीक अक्षरात 'नवा' आणि साल कोरलं.

हे कोरणं मला महत्त्वाचं वाटतं. जुन्या वाहनांची 'फिवा' ही जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिच्या टुरिन सनदेतही बदललेल्या भागांवर खूण करावी अशी शिफारस आहे. आपल्याकडे २०२१ साली व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम आले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी मूळ रूपात असावी, चॅसी, बॉडी, इंजिनात मोठे फेरफार नसावेत, असं त्यांत आहे. दिव्याच्या आतला आरसा कशाचा आहे हे कुणी अधिकारी उघडून पाहणार नाही. ते मालकाच्या सचोटीवर. नक्कल वापरली यात लाज नाही. ती मूळ म्हणून खपवली, तर पुढच्या पिढीतला कुणी तिच्यावरूनच मापं घेईल आणि चूक पुढे चालू राहील. नातवानं कोरलेला तो एक शब्द त्याच्या नातवाच्या उपयोगाचा आहे.

शिक्षकमित्रांनो, आपल्याकडे हे वेगळं घडतं का? शाळेतल्या प्रकल्पवह्या आठवा. स्टेशनरीच्या दुकानातून तयार आणलेले चार्ट, थर्माकोलची धरणं, चमकीचे कागद. प्रदर्शनात पहिलं बक्षीस कुणाला? जे लांबून झळकतं त्याला. क्रोमचे रिफ्लेक्टर. मी स्वतः परीक्षक म्हणून असे गुण दिलेले आहेत, तेव्हा दुसऱ्यांना बोल लावायचा मला अधिकार नाही. पण आता प्रकल्प समोर आला की मी मुलाला एकच विचारते, "हे चाललं नाही तेव्हा काय केलंस?" तयार आणलेल्या प्रकल्पाकडे याचं उत्तर नसतं.

स्टाफरूममध्ये मी हे सगळं सांगितलं तेव्हा एक सहकारी म्हणाले, "पण बाई, हे पोर्शनमध्ये येतं का?" येतं. परावर्तन, नाभी, समरूप त्रिकोण, विद्युत रोध, धातूंचं क्षरण, सगळं पोर्शनमध्येच आहे. फक्त वेगवेगळ्या पाठांत, वेगवेगळ्या तासांना आणि एकमेकांना कधीही न भेटणारं.

पालकांची शंका वेगळी असते. दहावीच्या तोंडावर पोरगं गॅरेजात कशाला? शंका समजू शकते. पण जुनी फोर्डच पाहिजे असं कुठं आहे? भंगारवाल्याकडे स्कूटरचा जुना हेडलाईट किरकोळीत मिळतो. एक बॅटरी, दोन वायरी, एक भिंत. घरी करून बघा, तासाभराचं काम आहे. एक सूचना मात्र पाळा : तो रिफ्लेक्टर मुलांना सूर्याकडे धरू देऊ नका. नाभीपाशी कागद पेटतो, बोटही भाजतं आणि डोळ्यांना तर फारच धोका.

शेवटची चाचणी आम्ही शाळेच्या मैदानात घेतली. फोर्डच्या जुन्या सूचनापुस्तिकेत पद्धत दिलेली आहे : सपाट जागा, समोर भिंत, अंतर २५ फूट. मुलांनी टेपनं अंतर मोजलं, दिव्यांच्या मध्याची उंची भिंतीवर खडूनं आखली, दोन दिव्यांत जितकं अंतर तितक्याच अंतरावर दोन उभ्या रेघा मारल्या. अंधार पडला. आबा गाडीत बसले. एक दिवा पोत्यानं झाकून दुसरा लावायचा, पाठीमागचा स्क्रू हळूहळू फिरवायचा. आधी भिंतीवर नुसता पसरट धूसर डाग होता. स्क्रू फिरत गेला तसा तो आक्रसत आडवा लंबगोल झाला, कडा दिसायला लागल्या. "थांब, थांब, परत थोडा मागं!" असं तिसेक मुलं एकदम ओरडत होती. मग दिव्याखालची नट सैल करून दिवा खाली झुकवला, लंबगोलाची वरची कड खडूच्या रेघेच्या थोडी खाली आली आणि नट आवळली. दुसऱ्या दिव्याला तेच. मूळ रिफ्लेक्टरचा डाग आणि नक्कल रिफ्लेक्टरचा डाग शेजारी शेजारी. कुठला कुठला हे ओळखा, असं मी मुलांना विचारलं. निम्म्यांनी चुकीचं सांगितलं.

आबा काही बोलले नाहीत. गाडीतून उतरून भिंतीजवळ गेले, दोन्ही डागांत आळीपाळीनं हात धरून बघितला आणि म्हणाले, "चला, आता बैलगाडी दिसंल."

तो तडा गेलेला जुना रिफ्लेक्टर टाकून देऊ नका म्हणून मी मागून घेतला. प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवला आहे. पोच्यामुळे त्याची नाभी एका जागी नाहीच, दोन-तीन ठिकाणी पसरलेली सापडते. यंदा नववीच्या मुलांना आधी तीच शोधायला सांगणार आहे.